चिंचेखाली बसलेली रिता

टिकारामच्या मोनूचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मे महिन्यात मांडव पडला आणि त्याच साली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ललिताबाई आनंदाबाईंच्या दारात येऊन उभी राहिली. टिकारामला हे पक्कं आठवतं. ती ज्या लाल खुर्चीवर बसली, ती मोनूच्या मांडवातलीच होती. परत द्यायची राहून गेली होती.

आनंदाबाई अठ्ठावीस वर्षं पोलिसात होत्या. हवालदार म्हणून निवृत्त झाल्या आणि भंडाऱ्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन त्यांनी 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली. टिकाराम आधी धान पिकवायचा, गुडघे गेल्यावर ऑटो चालवू लागला. बाईंना नेणं-आणणं आणि त्यांच्याजवळ गुपचूप बसणं हे त्याचं काम. अक्षरं तो पन्नाशीत शिकला, मोनूच्या शाळेच्या पुस्तकावरून. अजूनही वाचताना त्याचं बोट ओळीखालून सरकायचं.

ललिताबाई दिघोरीची. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला. एकुलती एक मुलगी रिता भंडाऱ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. होती, असंच म्हणायचं.

"बाई, मले एकच सांगा," ललिताबाई म्हणाली. "माह्या शब्दानं माही पोरगी मेली का?"

"कोणता शब्द?"

"त्या शनवारी तिच्या बापाचं पितर होतं. सकाळी फोन केला, म्हटलं ये. ते म्हने, 'माय, कॉलेजात कार्यक्रम हाये, सोमवारी मोठे साहेब येऊन राहिले.' मले राग आला. म्हटलं, बापाच्या पितराले येत नाही त मर तिथंच." ती थांबली. "संध्याकाळी फोन आला का मेली म्हून. फवारनीचं औषध पेली म्हने. आता गावात पानी भराले गेली का बाया बाजूले सरकतात. जाऊ मले तोंडावर म्हनते, पोरीनं मायचा शब्द पाळला."

टिकारामनं मान खाली घातली. आनंदाबाईंनी घातली नाही. त्या म्हणाल्या, "तिचं सामान आणलं का?"

ललिताबाईनं गाठोडं सोडलं. चपला. एक वही. एक पिशवी, त्यात घडी केलेले दोन कपडे, कंगवा आणि अगरबत्तीचा पुडा. आणि एका फडक्यात बांधलेला काळा डबा, मागं पट्टा असलेला.

"हा कोणी दिला?"

"झाडनाऱ्या बाईनं. गोदावरीबाई तिचं नाव. म्हने, पोरीच्या डोळ्यावरचा चष्मा हाये, मेलेल्याच्या अंगावरचं दुसऱ्यानं लावू नये, घेऊन जा. मी तसाच बांधून ठेवला."

"आणि ही पिशवी?"

"तिच्या खोलीत खाटेवर भरून ठेवली होती म्हने."

आनंदाबाईंनी अगरबत्तीचा पुडा उलटसुलट करून पाहिला. मग वही उघडली. शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. टिकारामनं बोट ठेवून त्या वाचल्या: 'बेचाळीस आहेत. एकही बोलत नाही. सगळेच्या सगळे बांधीतून चालतात. सोमवारी विचारीन.'

"बाई, हे ढोराचं हाये," टिकाराम हळूच म्हणाला. "कोनाचा तरी कळप धानात शिरत असन."

"ललिताबाई, तुमच्या बांधीत ढोरं शिरली होती?"

"नाही बा. आमच्या इथं ढोरंच कोनाजवळ राह्यले? आनं मानूस त धुऱ्यानंच चालते. उभ्या धानात कोन पाय ठेवते?"

आनंदाबाईंनी वही मिटली. "हा डबा माझ्याजवळ राहू द्या. कोणी मागितला तर माहीत नाही म्हणा."

*

कॉलेजच्या मागच्या इमारतीत प्रयोगशाळा होती. प्राचार्यांनी नाखुशीनं परवानगी दिली आणि गोपीचंद सरांना बोलावलं. सर चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड.

"फार हुशार मुलगी होती," ते म्हणाले. "घरचा ताण. आई काहीतरी बोलली म्हणे. आपल्याकडे आईबापांना कळत नाही, कुठला शब्द कधी वापरावा."

"तुमचं गाव कोणतं, सर?"

"जवाहरनगर. वडील फॅक्टरीत होते. क्वार्टरमध्येच वाढलो. धान मी फक्त ताटात पाहिलंय!" ते हसले. "त्यामुळेच गंमत बघा, मी गाव बनवलं."

गाव म्हणजे 'आरोग्यग्राम'. विद्यापीठाचा प्रकल्प. मुलं डोळ्यांवर चष्मा चढवायची आणि गावात उतरायची. चष्म्यात घरं, चावडी, दवाखाना, झाडं सगळं दिसायचं. प्रत्येकाचं एक बाहुलं. माणूस जागेवर उभा राहून हातातल्या कळीनं त्याला चालवायचा. दर शनिवारी एक मुलगा रोगी व्हायचा, बाकीचे त्याला तपासायचे आणि गावकऱ्यांना समजावून सांगायचे.

"नर्सिंगची मुलगी, फार्मसीचा मुलगा, समाजकार्याची मुलगी, असा एक गट," सर म्हणाले. "एकट्यानं शिकलेलं आरोग्य गावात उपयोगाला येत नाही. शिवाय साकोली, तुमसर, पवनीचे बेचाळीस विद्यार्थी घरूनच गावात येतात. सोमवारी समिती येणार होती. पसंत पडलं असतं तर प्रकल्प तीन जिल्ह्यांत गेला असता. आता समिती पुढच्या महिन्यात येईल."

प्रयोगशाळेत प्लायवूडच्या तीन खोल्या होत्या, आतून फोम लावलेल्या. एका खोलीतला आवाज दुसरीत जात नव्हता. पलीकडे सरांची खोली, तिथं मोठा संगणक.

"इथून सगळं गाव दिसतं. कोणाचा चष्मा बंद पडला आणि बाहुलं रस्त्यात उभं राहिलं, तर मी इथून त्याला बाजूला नेतो."

"रिताचा चष्मा कुठं आहे?"

सरांचा चेहरा किंचित बदलला. "तेच तर. सापडत नाही. तिच्या आईकडे असेल तर द्यायला सांगा. विद्यापीठाची वस्तू आहे. महाग असते."

बाहेर पडेपर्यंत त्यांनी हे आणखी दोनदा सांगितलं.

मग त्यांनी त्या शनिवारचं चित्रण लावलं. टिकाराम पडद्याच्या अगदी जवळ सरकून बसला.

गाव छान होतं. एका अंगाला दवाखाना, समोरच्या अंगाला चिंचेचं मोठं झाड, आणि मधोमध धानाची एक लांबरुंद बांधी, चारी बाजूंनी धुरा, पायवाटेएवढा मातीचा बांध. दोनचार परकी बाहुली इकडंतिकडं फिरत होती. जवळून गेलं की नमस्कार करायची, पुढं जायची.

तीन वाजले. चिंचेखाली तीन बाहुली उभी राहिली. डोक्यावर नावं: रिता, गुंजन, प्रितम. त्या दिवशी रिता रोगी होती. ती दवाखान्याकडं निघाली, धुऱ्याधुऱ्यानं, लांबून वळसा घालून. बाकीचे दोघं तिच्या मागं.

"रिता, इथं चिखल नाही ना काही नाही," प्रितमचा आवाज आला. "सरळ जाऊ दे ना. दर शनवारी हे परेड!"

"पीक उभं हाये, प्रितम." आवाज पडशानं बसलेला. "तुह्या बापाच्या बांधीतून जाशील का असा?"

"माहा बाप तंगडं तोडन."

"मंग चाल गुमान."

दवाखान्यात रिता खाटेवर निजली. आजार जुलाबाचा होता. सव्वातीनला गुंजननं सांगितलं, "आता मीठ-साखरेचं पाणी." सर मधे बोलले, "खरे पेले उचला." तिघांच्याही खोलीत टेबलावर स्टीलचा पेला भरून ठेवलेला असे. रोगी आणि तपासणारे, सगळ्यांनी चष्मा न काढता चाचपडत तो उचलायचा आणि प्यायचा, म्हणजे चव लक्षात राहते.

थोड्या वेळानं रिताचा आवाज आला. "पोटात आग होऊन राहिली. गुंजन, मले दिसून नाही राहिलं. तोंडाले पानी सुटून राहिलं."

"वा!" सरांचा आवाज. "याला म्हणतात रोगी. रिताला नऊ गुण. टाळ्या!"

दोन बाहुल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"सर," गुंजन म्हणाली, "पण हे लक्षणं जुलाबाचे नाहीत. हे त फवारणीच्या औषधाचे वाटतात."

"कार्डावर काय लिहिलंय? जुलाब. चुकीचं निदान, गुंजनचे दोन गुण वजा."

"पानी... कोनी या ना..." रिता म्हणाली.

"रिता, नाटक जास्त होऊन राहिलं बरं," प्रितम हसला.

तीन पस्तीसला रिताचा आवाज थांबला. मिनिटभरानं बाहुलं उठलं, दवाखान्याच्या दारातून निघालं, सरळ समोर चिंचेखाली जाऊन बसलं. त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली. टिकारामनं बोट उचलून एकेक अक्षर लावलं: 'घ-सा ब-स-ला. बोलत नाही. आता बरी आहे.' तो वाचून होईस्तोवर बाहुलं हात हलवत होतं. पुढं काही मिनिटं ते तसंच बसून राहिलं. गुंजन आणि प्रितम गावकऱ्यांना स्वच्छ पाण्यावर भाषण देत होते, अखंड. चार वाजता तिघांनी हात हलवले आणि गाव बंद झालं.

"चारला मुलांना मी प्राचार्यांच्या खोलीत चहाला नेलं," सर म्हणाले. "रिता म्हणाली, येते मागून. म्हणजे लिहिलं तिनं. चार वीसला गोदावरीबाई ओरडली. टेबलावर औषधाची बाटली उघडी होती."

"चारपर्यंत जिवंत, वीस मिनिटं एकटी," आनंदाबाई म्हणाल्या.

"हो ना. पोलिसांनीही तेच लिहिलं."

*

गुंजन मोहाडीकडची. घरी सात एकर धान. ती रडली नाही. तिचे ओठ नुसते कोरडे पडले होते.

"तुझं आणि रिताचं भांडण झालं होतं?"

"झालं होतं. सोमवारी समितीपुढे कोणी बोलायचं यावरून. शुक्रवारी सर म्हणाले रिता बोलन. मी तिच्याशी रात्री बोलली नाही." ती थांबली. "तिले तीन दिवसांचं पडसं होतं. नाक गच्च बंद. मी वाफ पण दिली नाही."

"ते बेचाळीस जण कोण? तू भेटली कोणाला?"

"नाही. नुसते नमस्कार करतात. रिता म्हणायची, यायचे चेहरे वेगळे हायेत, पण चाल एकच हाये. मी म्हटलं, तुले कायले पंचायत?"

"तुमचं बोलणं कुठं साठतं का?"

"चष्म्यात. ज्याचं त्याचं. नंतर ऐकून आपली चूक शोधायची असते. संगणकात पण राहते, पण ते सर पुसून टाकतात."

प्रितमही शेतकऱ्याचाच मुलगा, तिकडचाच. तो आत आला तो घाम पुसतच.

"बाटली माही होती," तो आपणहूनच म्हणाला. "पोलिसाले पण सांगतलं. धानावर तुडतुडे आले होते, बापानं आनाले सांगतली. शुक्रवारी घेतली, बॅगेत होती. बॅग बाहेर चपलेच्या फळीवर. सगळेच ठेवतात. सरानं पाह्यली त रागावले पन, म्हने हे कॉलेजात कायले आनली?"

"रिता तुला आवडायची?"

"तिनं नाही म्हटलं होतं. उन्हाळ्यात." त्यानं बाईंकडं पाहिलं. "बाई, ते मरून राहिली होती का तवा? मी हसलो तवा?"



गोदावरीबाई प्रयोगशाळा झाडायची, पेले भरायची. "एकाच पान्याच्या जगमधून तीन पेले भरले मी. रोजचंच काम. मंग सर आले, म्हने मीठ जास्त त नाही झालं? तिन्ही खोल्यांत जाऊन हुंगून पाह्यले. मंग पोरं आले."

"संध्याकाळी पेले तूच उचलले?"

"मीच. पोलीस बाटली घेऊन गेले, पेल्याकडं कोनी पाह्यलं नाही. गुंजनच्या आनं प्रितमच्या पेल्याले मुंग्याच मुंग्या. रिताच्या पेल्याले एक नाही. म्हटलं, विषाच्या पेल्याले मुंगी कशी लागन?"

"औषधाचा वास येत होता?"

"नाही बा. कोरडा खडखडीत. घासून ठेवल्यावानी."

बाहेर ऑटोत बसल्यावर टिकाराम म्हणाला, "बाई, प्रितमच. बाटली त्याची, पोरीनं नाही म्हटलं, आनं हसला पन तोच."

"प्रितम आणि गुंजन चारपर्यंत बोलत होते, टिकारामभाऊ. आपापल्या खोलीत, आपापल्या तोंडानं."

"मंग रितानं सोताच..."

"तुम्ही ते चित्र नीट पाहिलं?"

"पाह्यलं ना. अक्षरंसुद्धा वाचले."

"हो," आनंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही अक्षरं वाचत होते."

टिकारामला ते टोचलं, पण का टोचलं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बाई काळा डबा घेऊन एकट्याच एसटीनं नागपूरला गेल्या, असले चष्मे दुरुस्त करणाऱ्याकडे. परत आल्या तेव्हा टिकारामच्या बायकोनं पाठवलेला जेवणाचा डबा त्यांनी उघडला नाही.

*

गुरुवारी सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेत सगळे जमले. प्राचार्य, एक फौजदार, गोपीचंद सर, गुंजन, प्रितम, गोदावरीबाई. ललिताबाई दाराशी जमिनीवर बसली. खुर्ची देऊनही बसली नाही.

"सर," आनंदाबाई म्हणाल्या, "गाव सुरू करा. एक छोटंसं काम आहे. प्रत्येकानं दवाखान्यातून निघून चिंचेखाली जाऊन बसायचं. एवढंच."

"हा काय पोरखेळ?"

"खेळच आहे. तुम्हीच बनवलाय."

पहिली गुंजन. तिचं बाहुलं दवाखान्यातून निघालं, डाव्या धुऱ्यानं वळलं, लांबून चिंचेखाली पोचलं. मग प्रितम. तो घाईत होता, तरी धुऱ्यानंच गेला. गोदावरीबाईनं जन्मात चष्मा घातला नव्हता. तिनं आधी खरं लुगडं वर खोचलं, मग कळ दाबत, धडपडत, धुऱ्यावरून एकेक पाऊल टाकत गेली. "पाय घसरन ना मा," ती म्हणाली आणि कोणीतरी हसलं.

शेवटी सर. त्यांनी सफाईनं चष्मा चढवला. बाहुलं दारातून निघालं आणि उभ्या धानातून सरळ, नाकासमोर, चिंचेखाली जाऊन बसलं.

सरांनी चष्मा काढला. "झालं?"

"झालं," आनंदाबाई म्हणाल्या. "आता त्या शनिवारचं लावा. तीन पस्तीसपासून."

पडद्यावर रिताचं बाहुलं उठलं. दारातून निघालं. आणि टिकारामला आता दिसलं ते त्या दिवशी दिसलं नव्हतं. डोक्यावर अक्षरं उमटायच्या आधी पाय चालले होते. बांधीतून. उभ्या धानातून, सरळ.

"अरे देवा," तो म्हणाला. त्यानं आयुष्याची चाळीस वर्षं धान रोवलं होतं आणि तो अक्षरं वाचत बसला होता.

"पस्तीस मिनिटं आधी हीच मुलगी प्रितमवर ओरडली होती, पीक उभं आहे म्हणून," आनंदाबाई म्हणाल्या. "दर शनिवारी ती वळसा घालायची. मरता मरताही ती धानात पाय ठेवणार नव्हती. ते बाहुलं रिताचं होतं, चालवणारा दुसरा होता. गुंजन-प्रितम बोलत होते. गोदावरीबाईला चष्मा माहीत नाही. बाहुलं बाहेरून चालवता येतं ते एकाच संगणकावरून. सर, तुम्हीच सांगितलं."

"यावरून तुम्ही माझ्यावर..." सर हसले. "धुरा? हा पुरावा?"

"कारण रिताच्या वहीत आहे. बेचाळीस जण, एकही बोलत नाही, सगळे बांधीतून चालतात. तुमचे ते विद्यार्थी नाहीतच, सर. नावं खोटी, बाहुली खोटी, सगळ्यांना चालवणारे तुम्ही एकटे. म्हणून चाल एक. गाव तुम्ही बनवलं, पण धान तुम्ही ताटात पाहिलेलं. तुमच्या डोळ्याला तो हिरवा रंग दिसला. तिला पीक दिसलं. सोमवारी ती समितीपुढं उभी राहून विचारणार होती. आधी तुम्हाला विचारलं असणार. शुक्रवारी. म्हणून तर तुम्ही तिलाच बोलायला निवडलं, गप्प बसावी म्हणून. ती तरी ऐकेना."

गुंजननं तोंडावर हात घेतला.

"प्रितमच्या बॅगेतली बाटली तुम्ही पाहिली होती. पेले हुंगायच्या निमित्तानं तिच्या खोलीत गेला. तिचं नाक बंद, डोळ्यांवर चष्मा. तुमच्याच आवाजावर तिनं तो पेला उचलला. ती तडफडायला लागली तेव्हा तुम्ही गुण दिले. गुंजननं बरोबर ओळखलं तेव्हा तिचे गुण कापले. तिचा आवाज वाढला तेव्हा तो बंद केला. बाहुलं चिंचेखाली बसवलं आणि तिच्या खोलीत गेलात. म्हणून ते काही मिनिटं हललं नाही. बाटली ठेवली, पेला बदलला. घाईत कोरडा पेला ठेवला. सगळ्यांच्या देखत मीठ-साखरेचं पाणी प्यायलेल्या मुलीच्या पेल्याला ना साखर, ना औषधाचा वास. मुंग्यांनी तुम्हाला पकडलं, सर."

"गोष्ट चांगली आहे," सर म्हणाले. कपाळावर घाम होता. "कोर्टात मुंग्यांना बोलवा."

आनंदाबाईंनी पिशवीतून काळा डबा काढून टेबलावर ठेवला. सर उठून उभे राहिले. फौजदारानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही तिचा आवाज गावात जाऊ दिला नाही. पण चष्म्यात तो साठत राहिला. म्हणून तुम्ही हा तीनदा मागितला. त्या दिवशी तुम्ही तो उचलायच्या आत गोदावरीबाईनं मयताची वस्तू म्हणून आईच्या गाठोड्यात बांधला. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं तो महाग म्हणून कपाटात ठेवला असता." त्या ललिताबाईकडं वळल्या. "ताई, तुम्ही बाहेर जा. मी ऐकलंय. तुम्ही ऐकू नका."

"लावा," ललिताबाई म्हणाली.

"ताई..."

"माही पोर हाये. लावा."

आवाज आला. आधी नुसता श्वास, घरघर. मग रिता: "गुंजन... प्रितम... खरं हाये ना... मी खरं सांगून राहिली..." बराच वेळ काही नाही. मग दार उघडल्याचा आवाज. "सर? सर, आले तुमी? मायले फोन लावा ना, सर." टेबलावर काहीतरी ठेवलं गेलं. पेल्याला पेला लागल्याचा आवाज झाला. "सर, तिले सांगा, मी चारनंतरच्या गाडीनं येऊनच राहिली होती. बॅग भरली हाये. बाबाच्या फोटोले अगरबत्ती घेतली... तिले सांगा, रागावू नोको..."

दार बंद झाल्याचा आवाज. आवाजाबरोबर पडद्यावर वेळ सरकत होती: तीन बेचाळीस.

त्यानंतरही सोळा मिनिटं ती एकटी बोलत होती, कधी गुंजनशी, कधी बापाशी. आनंदाबाईंनी हात पुढं केला, पण ललिताबाईनं तो धरून ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

प्रितम भिंतीला टेकून खाली बसला होता. सरांनी कोणाकडंच पाहिलं नाही. फौजदार त्यांना घेऊन जाऊ लागला तेव्हा ते प्राचार्यांना एवढंच म्हणाले, "समितीला कळवू नका लगेच."

आनंदाबाई ललिताबाईजवळ खाली बसल्या. "तुमच्या शब्दानं मेली नाही ती. ऐकलं ना? ती येणार होती."

"ऐकलं," ललिताबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "माह्या शब्दानं मेली असती त बरं होतं, बाई. मी एकटी पापी राह्यली असती. हे त पोरीनं पानी मांगतलं, आनं लोकायनं टाळ्या वाजवल्या."

ती उठली, काळा डबा मागू लागली. फौजदार म्हणाला, तो पुराव्यात जाईल. तेव्हा तिनं नुसत्या चपला आणि अगरबत्तीचा पुडा गाठोड्यात बांधला. टिकारामनं तिला बसस्टँडवर सोडलं. उतरताना तिनं म्हटलं, "भाऊ, पोलिसाच्या कागदावर चार वीस लिहिलं हाये. खरं किती वाजता गेली ते मले लिहून द्या. पुढच्या साली पितराले लागन."

टिकारामनं ऑटोच्या सीटवर कागद ठेवला आणि बोट ठेवून, एकेक अक्षर लावत लिहिलं: कुमारी रिता, मुक्काम दिघोरी, वय वीस वर्षं, शनिवार, सात ऑक्टोबर दोन हजार तेवीस रोजी दुपारी तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मरण पावली.